शेजारचा परदेश

सांगलीच्या एखाद्या कुटुंबास आज गोव्यास जावयाचे झाले, तर ते तिकिटे काढते, शिदोरी बांधते आणि आगगाडीत बसते. वाटेत कोणी त्यांची पेटी उघडून पाहत नाही. खिशातील नाणे कोणत्या राज्यात चालेल, याची चिंता त्यांना करावी लागत नाही. १९६१ सालापूर्वी मात्र हाच प्रवास परदेशचा प्रवास होता.

पोर्तुगाल हा देश युरोपच्या पश्चिम टोकास, अटलांटिक महासागराच्या काठी वसलेला आहे. मिरजेपासून तो हजारो किलोमीटर दूर आहे. तरीही पोर्तुगालच्या सत्तेची हद्द मिरजेहून लोहमार्गाने अवघ्या सव्वादोनशे किलोमीटरांवर लागत असे. १५१० साली अल्फान्सो द अल्बुकर्क याने गोवे शहर जिंकून घेतले, तेव्हापासून साडेचारशे वर्षे ही सत्ता तेथे टिकून होती. १९५१ साली तर पोर्तुगालने गोवे हा आपला ‘सागरापलीकडील प्रांत’ असल्याचे घोषित केले. सह्याद्रीच्या पायथ्याचे कुळे हे गाव लिस्बनच्या कारभाराचा भाग, असा त्या घोषणेचा अर्थ होता. नकाशाकडे पाहणाऱ्या कोणाही मुलास यातील विपरीतपणा सहज कळेल.

त्या काळी सातारा व सांगली या भागांत हद्दींची वाण नव्हती. सातारा जिल्हा इंग्रजांचा. पण त्याच्या आजूबाजूस फलटण, औंध, सांगली, मिरज अशी संस्थाने विखुरलेली होती. १९४८ साली ती विलीन झाली. साताऱ्याचा मनुष्य मिरजेपर्यंत येताना अशा कित्येक सीमा ओलांडी. परंतु त्यातील एकही सीमा त्याला परकेपणा जाणवू देत नसे. भाषा तीच, नाणे तेच, टपालाचे तिकीटही तेच. घाटाखालची सीमा मात्र निराळी होती.

या सीमेतून लोहमार्ग गेला, तो १८७८ साली इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या तहामुळे. मार्मागोव्याचे बंदर देशावरील बाजारपेठांशी जोडावे, हा त्यातील हेतू. गोव्यातील मार्ग १८८८ साली कॅसलरॉकपर्यंत पूर्ण झाला आणि पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा येणारा मार्ग त्यास पुढे जोडला गेला. दोन्ही मार्ग मीटर रुंदीचे होते. साताऱ्याचे उतारू सातारा रोड स्थानकावर गाडीत बसत. सांगलीचे उतारू लहानशा फाट्याने मिरजेस येऊन तेथे गाडी बदलत.

हे उतारू कोण असत? काही व्यापारी, काही नोकरदार, काही पाहुणेरावळे. पण मोठा भाग असे तो कुलदेवतेच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबांचा. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदैवते गोव्यात आहेत. विशेष हे, की ही दैवतेही एके काळी प्रवासी होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी भागातील देवळे पाडण्यास प्रारंभ केला, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा यांस भक्तांनी गुप्तपणे नदीपार नेले. फोंडा महाल त्या वेळी पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होता. म्हणजे देवांनीही सीमा ओलांडली, आणि तीही कोणत्याच परवान्यावाचून! पुढे कवळे येथील शांतादुर्गेचे देऊळ उभारण्यास साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम यांचे साहाय्य झाले आणि १७३९ साली शाहू महाराजांनी कवळे गाव देवीस इनाम दिला. फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला तो त्यानंतर, १७६३ साली. तेव्हा साताऱ्याहून कवळ्यास निघालेला गृहस्थ परदेशी जात होता, की आपल्याच राजाने दिलेल्या इनामाच्या गावी, हे ठरविणे जकातीच्या अधिकाऱ्यास सोपे असले, तरी त्या गृहस्थास तितके सोपे नव्हते.

प्रवासास निघण्यापूर्वी अनुभवी माणसे नवख्या प्रवाशास काही गोष्टी बजावून सांगत. पहिली गोष्ट सामानासंबंधी. नव्या कोऱ्या वस्तू गाठोड्यात फार नसाव्यात. त्या विकण्यासाठी नेल्या जात आहेत, असा संशय येई. नवे लुगडे देवीस वाहावयाचे असेल, तर ते तसे सांगावे, लपवू नये. दुसरी गोष्ट कागदांसंबंधी. वर्तमानपत्रे, हस्तपत्रके, राजकारणावरील पुस्तके सामानात मुळीच ठेवू नयेत. गोव्यात छापील मजकुरावर सरकारची कडक नजर होती. विवाहाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी दाखवाव्या लागत. शिळ्या वर्तमानपत्रात भाकरी बांधून नेणाऱ्यानेही सावध असावे, अशी स्थिती होती. ज्या राज्यास लग्नपत्रिकेची भीती वाटते, त्याच्या बळाविषयी प्रवाशाने काय समजावयाचे, ते तो मनातच समजत असे.

बेळगाव मागे पडले, की गाडी अरण्यात शिरे. लोंढ्याच्या पुढे कॅसलरॉक. हे हिंदुस्थानच्या बाजूचे अखेरचे मोठे स्थानक. येथे आपल्या बाजूचे जकात अधिकारी गाडीत येत. जातानापेक्षा येताना त्यांची तपासणी अधिक कसून होई, कारण गोव्यात परदेशी माल स्वस्त मिळे. घड्याळे, झरण्या, सोने आणि मद्य यांचा चोरटा व्यापार या वाटेने चाले. १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाल्यावर तर प्रत्येक बाटलीची झडती होऊ लागली. काजूच्या पिशवीत हात घालून पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर रागावून उपयोग नव्हता. पेटीची किल्ली पदरी ठेवावी, विचारताच कुलूप काढावे आणि प्रश्नास थोडक्यात उत्तर द्यावे, हाच शहाणपणा.

कॅसलरॉकनंतर घाट सुरू होई. सुमारे सव्वीस किलोमीटरांच्या या घाटात लोहमार्ग दर चाळीस मीटरांस जवळजवळ एक मीटर या प्रमाणात खाली उतरतो. आगगाडीस हा उतार फार मोठा. गाडी वर चढताना तिला जादा इंजिने जोडावी लागतात आणि उतरताना वेग आवरावा लागतो. एकामागून एक बोगदे येतात. डब्यात क्षणात अंधार होतो आणि क्षणात हिरवा उजेड. मध्येच दूधसागर धबधबा दिसतो. सुमारे तीनशे मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारे ते पाणी लोहमार्गाच्या पुलाखालूनच पुढे वाहत जाते. पावसाळ्यात त्याचे तुषार थेट डब्यात येतात. या निसर्गाला कोणतीच सीमा ठाऊक नाही. वरच्या रानातील पाणी कोणासही न विचारता खाली उतरते.

घाट संपला, की कुळे. स्थानकाच्या पाटीवर ‘कोले’ असे काहीसे नाव रोमन लिपीत लिहिलेले असे, आणि मराठी शाळेत शिकलेला प्रवासी गोंधळून जाई. म्हणून तिसरी सूचना नावांविषयी असे. मडगावास ‘मार्गांव’, फोंड्यास ‘पोंडा’, साखळीस ‘सांकेली’ म्हणत. पणजीचे सरकारी नाव तर कित्येक वर्षे ‘नोव्हा गोवा’ म्हणजे नवे गोवे असेच होते. पाटी वाचता आली नाही, तर शेजाऱ्यास विचारावे. शेजारी कोकणीत उत्तर देई, आणि ते उत्तर सांगलीच्या माणसास बहुतेक समजे. सरकारची भाषा परकी आणि डब्यातील माणसांची भाषा जवळची, हा अनुभव कुळ्याच्या फलाटावरच येई.

येथे पोर्तुगीज अधिकारी पुन्हा सामान तपासत. त्यानंतर प्रश्न नाण्याचा. गोव्याचे नाणे ‘रुपिया’ हे होते. नाव आपल्यासारखेच, परंतु छाप निराळा. एका रुपियाचे सोळा टंगे होत, जसे आपल्या रुपयाचे सोळा आणे होत. नावाच्या आणि हिशेबाच्या या सारखेपणामुळेच फसगत होण्याचा संभव असे. मोड घेताना नाणे उलटून पाहावे, असे जाणते लोक सांगत. १९५९ सालापासून रुपिया जाऊन तेथे ‘एस्कुदो’ हे नाणे आले आणि एका रुपियास सहा एस्कुदो असा दर ठरला. आण्यांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या दुकानदारांनाही मग बोटे मोजावी लागली. टपालाची तिकिटेही वेगळी होती. आपले तिकीट चिकटवलेले पाकीट तेथील पेटीत टाकून चालत नसे.

ही सारी अडचण सोसूनही माणसे जात-येत राहिली, कारण देवाणघेवाण जुनी होती. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी महाराष्ट्राची रंगभूमी गाजविली आणि पुढे सांगलीत बिऱ्हाड केले. आशा भोसले यांचा जन्म १९३३ साली सांगलीचाच. केरीच्या केसरबाई केरकर लहानपणी गाणे शिकण्यासाठी कोल्हापुरास आल्या. मिरजेचे तंबोरे आणि गोव्याचे गळे यांची भेट होण्यास कोणाची परवानगी लागली नाही. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली स्थापन केलेल्या रुग्णालयाची कीर्ती घाटाखालीही पोहोचली होती. इकडून भक्त जात आणि तिकडून रुग्ण येत, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भारत १९४७ साली स्वतंत्र झाला. गोवे झाले नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे सभाबंदी मोडली, तेव्हापासून तेथील लोकांत स्वातंत्र्याची मागणी उघडपणे बोलली जाऊ लागली होती. १९५४ सालापासून दोन्ही बाजूंचे निर्बंध कडक होत गेले. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांनी सत्याग्रहींची तुकडी गोव्यात नेली. त्यांना कारावास भोगावा लागला. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी हाती शस्त्र नसलेल्या सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि अनेकांनी प्राण गमावले. त्याच सुमारास कॅसलरॉक ते कुळे ही आगगाडी बंद झाली.

सव्वीस किलोमीटरांचा घाट बंद झाला, एवढेच नकाशावर दिसले असते. पण ज्या घरातील मुलगी फोंड्यास दिली होती, त्या घरास तिच्या बाळंतपणास जाता येईना. सांगलीत किंवा पुण्यात शिकणाऱ्या गोव्याच्या मुलास सुटीत घर गाठता येईना. गावी पैसे पाठविण्यावरही बंधने आली. कुलदेवतेचा नवस फेडावयाचा राहिला, म्हणून कित्येक घरांत नारळ देवघरातच ठेवले गेले. ज्यांना परवाना मिळे, त्यांनाही आगगाडीची वाट उरली नव्हती. गोव्यातील सरकार मात्र हट्टास पेटले होते. शेजारच्या बेळगावातून येणारा माल थांबला, म्हणून त्याने बटाटे नेदरलंड्समधून, तांदूळ पाकिस्तानातून आणि चहा सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आणविला. घाटमाथ्यावरची भाजी सोडून समुद्रापारचे बटाटे खाण्याचा हा प्रकार सहा वर्षे चालला.

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेस पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली. पुढील वर्षी लोहमार्ग पुन्हा सुरू झाला. कॅसलरॉकला गाडी थांबली, ती इंजिनासाठी, झडतीसाठी नव्हे.

आजही भारतीय मनुष्य शेजारच्या देशांत जातो. नेपाळात जाण्यास त्याला पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र पुरते. इतरत्र पारपत्रासह प्रवेशाचा परवानाही बहुधा लागतो. युरोपात मात्र निराळेच घडले आहे. १९८५ साली लक्झेंबर्गमधील शेंगेन या लहानशा गावी काही देशांनी करार केला आणि १९९५ सालापासून त्यांच्यातील सीमांवरची नित्याची तपासणी थांबली. १९९५ साली तपासणी थांबविणाऱ्या पहिल्या देशांत पोर्तुगालही होता. लिस्बनचा प्रवासी आता शेजारच्या स्पेनमध्ये जातो, तेव्हा सीमेवर त्याची पेटी सहसा कोणी उघडत नाही. कुळ्याच्या फलाटावर भाकरीचा कागद वाचून पाहणाऱ्या त्या अधिकाऱ्यास हे पाहून काय वाटले असते, कोण जाणे!

गेल्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग रुंद झाला. आता गोवा एक्सप्रेस सातारा, सांगली, मिरज ही स्थानके घेत थेट वास्कोस जाते. घाटात धबधबा पाहण्यासाठी खाली उतरून रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेने मनाई केली आहे, आणि ती पाळली पाहिजे. बोगद्यात गाडी आली, तर अंग चोरण्यास जागा नसते. धबधबा खिडकीतूनच पाहावा. पावसाळ्यात काच मात्र लावून घ्यावी.

स्वाध्याय

१. साताऱ्याहून कवळ्यास जाणाऱ्या गृहस्थाचा प्रवास ‘परदेशचा’ होता, असे तुम्हांस वाटते काय? सकारण लिहा.
२. कॅसलरॉक येथे आपल्या बाजूचे अधिकारी येताना अधिक कसून तपासणी का करीत?
३. ‘घाटमाथ्यावरची भाजी सोडून समुद्रापारचे बटाटे खाणे’ या शब्दांतील उपरोध स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील किंवा गावातील वडीलधाऱ्यांस जुन्या मीटरमापी गाडीच्या आठवणी विचारा व त्या दहा-बारा ओळींत लिहा.