आमच्या माघारी कोण?

माझी मावशी उज्जैनला फ्रीगंजात राहते. तिचा मुलगा स्वमग्न आहे. दिवाळीत त्याला १८ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा मावशीने मला विचारले, "आमच्या माघारी याचं कोण रे बघणार?" मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, उत्तर कायद्यात शोधले.

स्वमग्नता जन्मभराची असते. शाळा सुटते, आधाराची गरज सुटत नाही. मात्र मूल सज्ञान झाले की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्थानिक समितीची तरतूद केली. तीत जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक अपंग व्यक्ती असते. पालक हवा का आणि कोणत्या कामापुरता, हे ती आधी पाहते. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत मालमत्तेची व देण्याघेण्याची यादी द्यायची. पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत जमाखर्च.

"आईकडून हिशेब?" मावशी दुखावली. मी म्हटले, "मावशी, हा हिशेब तुझ्यासाठी नाही; तुझ्यानंतर येणाऱ्यासाठी आहे."

तिने अर्जावर स्वतःचे नाव लिहिले आणि माझ्याकडे पाहिले. तिच्यानंतर येणारा कोण, हे मला तेव्हा कळले. मी मान हलवली.