कंकणाकृती सूर्यग्रहण

मुलांनो, २१ मे २०३१ रोजी केरळ व तमिळनाडूच्या काही भागांत सूर्य तेजस्वी कंकणासारखा दिसेल. पैनगंगेकाठच्या मेहकर गावी मात्र ते ग्रहण खंडग्रास असेल. म्हणजे सूर्यबिंबाचा काही भागच झाकला जाईल.

हे कंकण कसे होते? एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याजवळ रुपयाचे नाणे धरा. भिंतीवरील मोठे घड्याळ त्याआड पूर्ण लपते. नाणे हळूहळू दूर न्या. घड्याळाची कड सभोवती दिसू लागते. आकाशातही असेच घडते. सूर्याचा व्यास चंद्राच्या सुमारे ४०० पट आहे. पण तो चंद्राहून सुमारे ४०० पट दूरही आहे. म्हणून दोन्ही बिंबे जवळजवळ सारखी भासतात. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याचे आपल्यापासूनचे अंतर कमीजास्त होते. तो दूर असताना सूर्यासमोर आला, तर त्याचे बिंब अपुरे पडते व भोवती प्रकाशाचे कडे उरते. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. म्हणून प्रत्येक अमावास्येला ग्रहण होत नाही.

ग्रहणाचे भय बाळगू नये; डोळ्यांची काळजी मात्र अवश्य घ्यावी. उघड्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून किंवा पाण्यातील प्रतिबिंबातही ग्रहण पाहू नये. त्याऐवजी कडुनिंबाच्या सावलीत उभे राहावे. पानांच्या फटींतून भुईवर पडणारे कवडसे एरवी गोल असतात. त्या दिवशी ते कोरीसारखे दिसतील. सूर्याकडे पाठ करूनही ग्रहण पाहता येते, ते असे!