कार्यप्रणाली बदलताना येणारे डिस्कचे दोष : निदान आणि उपाय

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. सेवा थांबली म्हणून संगणक बंद पडत नाही. परंतु सुरक्षिततेच्या नियमित सुधारणा मिळेनाशा झाल्याने इंटरनेटला जोडलेले यंत्र दिवसेंदिवस असुरक्षित होत जाते. ज्या ग्रामपंचायतींत, शाळांत व कार्यालयांत ही जुनी आवृत्ती आहे, त्यांच्यापुढे २०२१ साली आलेल्या ‘विंडोज ११’कडे जाण्याचे काम उभे राहते. हे काम चालू असता मध्येच पडद्यावर डिस्कसंबंधी दोषाची सूचना उमटते, आणि पुढे काय करावे हे कळेनासे होते.

अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय महागात पडतो. कार्यप्रणाली कितीही वेळा नव्याने बसविता येते. पण पुसली गेलेली कर आकारणीची नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त, लाभार्थ्यांची यादी किंवा विद्यार्थ्यांचे गुणपत्रक पुन्हा मिळेलच असे नाही. पुष्कळशी माहिती आज ऑनलाइन प्रणालींत नोंदली जाते हे खरे. तरीही पत्रव्यवहार, ठरावांचे मसुदे आणि हिशेबाची टिपणे त्या एका यंत्रावरच असतात. म्हणून दोषाची जात ओळखणे आणि त्याआधी माहितीची प्रत घेणे, हा या कामाचा पाया होय.

दोष नेमका याच वेळी का दिसतो?

रोजच्या वापरात हार्ड डिस्कचा थोडाच भाग वाचला वा लिहिला जातो. कार्यप्रणाली बदलताना मात्र कित्येक गिगाबाइट माहिती एकदम लिहिली जाते, जुन्या फाइली हलविल्या जातात आणि आरंभाच्या विभागातही बदल होतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या भागातील खराबी त्यामुळे उघडकीस येते. दोष नव्या आवृत्तीने निर्माण केला असे वाटते. प्रत्यक्षात तो बहुधा आधीच असतो.

प्रथम माहितीची प्रत

सर्व महत्त्वाच्या फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर सुरक्षित ठेवावी. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. दुसऱ्या संगणकावर त्यातील काही फाइली उघडून पाहाव्यात. डिस्कवर ‘बिटलॉकर’चे कुलूप असेल, तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून ठेवावी आणि काम संपेपर्यंत ते संरक्षण तात्पुरते स्थगित करावे. किल्ली हरवल्यास निर्दोष डिस्कवरील माहितीही हाती लागत नाही.

दोषाचे चार प्रकार

पहिला प्रकार जागेच्या अपुरेपणाचा. विंडोज ११ साठी किमान ६४ गिगाबाइट क्षमतेची डिस्क लागते. शिवाय बदल करताना जुनी कार्यप्रणाली काही दिवस बाजूला जपून ठेवली जाते, त्यासाठीही जागा हवी. ‘०एक्स ८००७००७०’ हा संकेतांक दिसल्यास जागा कमी पडली असे समजावे. कचरापेटी रिकामी करणे, तात्पुरत्या फाइली पुसणे आणि चित्रे व चित्रफिती अन्यत्र हलविणे एवढ्याने हे काम भागते.

मात्र ‘सिस्टिम रिझर्व्हड’ विभाग अद्ययावत करता आला नाही, अशी सूचना आल्यास ‘सी’ ड्राइव्हवरील जागा वाढवून उपयोग होत नाही. हा आरंभाचा छोटा, लपविलेला विभाग असून तो बहुधा शंभर ते काहीशे मेगाबाइटचा असतो. विषाणू-प्रतिबंधक वा अन्य आज्ञावलींनी त्यात फाइली ठेवल्या, की तो भरतो. त्यातील अक्षरवळणांच्या अनावश्यक फाइली काढून जागा करता येते; पण या विभागातील चुकीची फाइल पुसली गेल्यास संगणक सुरूच होत नाही. म्हणून हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

दुसरा प्रकार फाइल-व्यवस्थेतील गोंधळाचा. वीज अचानक गेल्याने लिहिणे अर्धवट राहिले, तर कोणती फाइल कोठे आहे याची डिस्कवरील नोंद बिघडते. पुस्तक शाबूत असावे पण अनुक्रमणिका चुकावी, तसा हा प्रकार. विंडोजच्या घटना-नोंदवहीत ‘एनटीएफएस’ या नावाखाली ५५ क्रमांकाची घटना दिसणे ही त्याची खूण होय. यावर ‘चेकडिस्क’ ही आज्ञा उपयोगी पडते. ती नुसती दिल्यास केवळ तपासणी होते. ‘एफ’ हा पर्याय जोडल्यास दुरुस्ती होते. ‘सी’ ड्राइव्ह वापरात असल्याने ही दुरुस्ती संगणक पुन्हा सुरू होताना केली जाते.

तिसरा प्रकार प्रत्यक्ष यंत्रातील बिघाडाचा. डिस्कमधून टकटक असा आवाज येणे, साधी फाइल उघडण्यास फार वेळ लागणे किंवा घटना-नोंदवहीत ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची घटना पुन्हा पुन्हा उमटणे ही त्याची लक्षणे आहेत. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. अनेक हार्ड डिस्कांच्या या नोंदीत ५ व्या क्रमांकावर बदली केलेल्या खराब भागांची आणि १९७ व्या क्रमांकावर संशयित भागांची संख्या असते. हे आकडे वाढत असतील, तर डिस्क बदलणे हाच उपाय होय. परंतु १९९ व्या क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा जोडणीच्या केबलमध्ये असतो. केबल बदलल्यावर तो आकडा वाढायचा थांबतो. नवी डिस्क घेण्यापूर्वी एवढी तपासणी अवश्य करावी.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मरणासन्न डिस्कवर ‘चेकडिस्क’चा ‘आर’ पर्याय चालवू नये. तो डिस्कचा कानाकोपरा वाचून खराब भाग शोधतो. त्या ताणाने डिस्क कायमची बंद पडू शकते. अशा वेळी आधी माहिती बाहेर काढावी. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये आवाज होत नसल्याने ती पूर्वसूचना न देताही निकामी होऊ शकते, हेही विसरू नये.

चौथा प्रकार आखणीचा, म्हणजे विभागणीच्या पद्धतीचा. डिस्कची ‘एमबीआर’ ही विभागणी १९८३ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकांबरोबर रूढ झाली. तीत चारच मुख्य विभाग करता येतात आणि सामान्यतः सुमारे दोन टेराबाइटपर्यंतचीच डिस्क पूर्णपणे वापरता येते. ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीत विंडोजवर १२८ विभागांची सोय असून विभागणीच्या तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही राखलेली असते. विंडोज ११ ला ‘यूईएफआय’ पद्धतीने सुरू होणारे यंत्र लागते आणि त्या पद्धतीत विंडोजची डिस्क जीपीटी असावी लागते. म्हणून नव्याने बसविताना, या डिस्कवर विंडोज बसविता येत नाही, अशी सूचना येते. डिस्क निर्दोष असूनही ती बिघडल्याचा समज येथे होतो.

अशा वेळी ‘डिस्कपार्ट’मधील ‘क्लीन’ ही आज्ञा देण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. तिने अडचण सुटते, पण निवडलेल्या डिस्कवरील सर्व विभाग नाहीसे होतात. माहिती न पुसता हाच बदल करणारे ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन २०१७ सालापासून विंडोजमध्येच समाविष्ट आहे. डिस्कवर मुख्य विभाग तीनपेक्षा अधिक नसावेत, ही त्याची एक अट. ते प्रथम ‘व्हॅलिडेट’ पर्यायाने चालवून डिस्क बदलास योग्य आहे काय हे पाहावे. नंतरच प्रत्यक्ष बदल करावा आणि यंत्राची आरंभपद्धती यूईएफआय करावी.

डिस्क नसूनही डिस्कचा वाटणारा दोष

‘०एक्स ८००७०४५डी’ हा संकेतांक वाचन-लेखनातील अडथळा दर्शवितो. पण तो अडथळा ज्या पेन ड्राइव्हवरून कार्यप्रणाली बसविली जात आहे, त्यातही असू शकतो. दुसरा पेन ड्राइव्ह व दुसरे छिद्र वापरून पाहणे सोपे असते. तसेच अलीकडच्या काही इंटेल संगणकांवर नव्याने बसविताना डिस्क दिसतच नाही. तेथे साठवण-नियंत्रकाचा ड्रायव्हर पुरविल्यावर ती दिसू लागते. संगणकाचा प्रोसेसर किंवा ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-सोय अटींत बसत नसेल, तर तो डिस्कचा प्रश्नच नव्हे.

कामाचा क्रम

प्रथम प्रती घेऊन त्या तपासाव्यात. नंतर पडद्यावरील सूचना व संकेतांक जसाच्या तसा लिहून घ्यावा. त्यानंतर डिस्कची प्रकृती, फाइल-व्यवस्था, मोकळी जागा आणि विभागणी या क्रमाने तपासणी करावी. बदल चालू असता वीज जाऊ नये म्हणून यूपीएसची व्यवस्था असावी. लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवावा. बदल झाल्यावर साधारणतः दहा दिवसांपर्यंत जुन्या आवृत्तीकडे परतता येते. त्या मुदतीत छपाई, मराठी टंकलेखन व नेहमीच्या आज्ञावली तपासून घ्याव्यात.

तंत्रज्ञ बाहेरून बोलाविला, तरी त्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी प्रती झाल्या आहेत काय, हे पाहण्याची जबाबदारी कार्यालयाचीच राहते. डिस्क पुसावी लागेल असे त्याने सांगितल्यास, दोष चारांपैकी कोणत्या प्रकारचा आहे आणि कशावरून, हा प्रश्न ग्रामसेवकाने, मुख्याध्यापकाने वा सरपंचाने अवश्य विचारावा. त्याचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत डिस्क पुसण्यास संमती देऊ नये. गावाच्या दप्तराची राखण कपाटाच्या किल्लीने होत असे, तशीच ती आता या सावधगिरीने व्हावयास हवी.