ओसरीवरचे गोल खांब

अगं, सिमेंटच्या गोण्या अजून मागवू नकोस. तू फोनवर म्हणालीस, तिण्णैवरच्या, म्हणजे आपल्या ओसरीवरच्या, खांबांचा गिलावा खालून गुडघाभर उंचीपर्यंत सुटलाय, आतल्या अर्धगोल भिंतीला मध्येच फुगवटा आलाय, आणि घरातले सगळे एकच सांगताहेत, सिमेंट मारा आणि मोकळे व्हा. नवीन सुनेने जुन्या घराच्या दुरुस्तीत तोंड घालावं का, हा तुझा खरा प्रश्न. घालावं. पण काय बोलायचं ते नीट कळून घालावं, म्हणजे कुणी "तुला काय समजतं" असं म्हणायला धजत नाही.

आधी सिमेंटचं. तुमचं घर विटा-चुन्याचं, आणि कुंभकोणम वसलंय कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये. जमिनीतली ओल विटांतून वर चढणारच, ती थांबवणं आपल्या हातात नाही. चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडतो. सिमेंट सोडत नाही. मग ओल आणखी वर चढते, आत क्षार साठतात आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर विटेचाच भुगा पडायला लागतो. सासऱ्यांना हे एवढंच सांग. वाद घालू नकोस. खालचा सुटलेला पोपडा काढून मागच्या विटेवर नख ओढून दाखव, पुढचं ते स्वतःच ओळखतील.

आणि एका रविवारी तंजावरला जाऊन या, चाळीसएक किलोमीटर तर आहे. राजवाड्यातला मराठ्यांचा दरबार हॉल बघ. 1684 मध्ये तंजावरच्या शहाजीराजांनी बांधला असं सांगतात. लोक जातात ते सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा बघायला. तू खांब बघ. केवढे जाडजूड, आणि अंगावर गिलावा. जवळ उभी राहून खांबाच्या कडेवरून खालून वर नजर ने. ती कड कुठे डळमळते का, एवढंच बघायचं. ही नजर एकदा बसली की तुमच्या घरच्या खांबात काय बिघडलंय ते तुला कुणी सांगावं लागणार नाही.

आता कामाचं. गोल पृष्ठभागाला गवंडी घाबरतात, कारण हातातली पट्टी सरळ. पण खांब आडवा गोल असला तरी उभा सरळच असतो ना? म्हणून पट्टी नेहमी उभी फिरवायची, आडवी कधीच नाही. सगळी मेख एवढीच आहे.

जुना गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने काढून घ्यायचा. विटांच्या सांध्यांतली माती अर्धा इंच खोल खरवडायची, ब्रशने झाडायचं, आदल्या रात्री भरपूर पाणी मारायचं. मग उघड्या विटांवर सुतळी गुंडाळून घेर घे. समजा 44 इंच आला. 22/7 ने भागला की व्यास 14, त्रिज्या 7. गिलावा अर्धा इंच धरला तर साडेसात इंच त्रिज्येचा अर्धगोल फर्मा प्लायवूडमध्ये कापून घ्यायचा. (तुमच्या गावात सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर रामानुजन यांचं घर आहे. त्यांनी 1914 मध्ये पायची किंमत काढायच्या एकाहून एक अचाट श्रेणी छापल्या. आपल्या खांबाला 22/7 पुरे.)

घेर मात्र तीन ठिकाणी मोजायचा, खाली, मध्ये आणि वर. जुने खांब वर निमुळते होत जातात, म्हणजे वरचा फर्मा वेगळा लागतो. नुसतं निमुळतेपण असेल तर सरळ पट्टी चालते. मधलं माप दोन्ही टोकांच्या हिशेबात बसत नसेल, खांब मुद्दाम किंचित फुगीर केलेला असेल, तर तिथे त्याच आकाराची उभी फळी कापून घ्यावी लागते. मेस्त्री म्हणेल, "अंदाजाने करतो, अम्मा." तेव्हा गोड हसायचं आणि सुताराला बोलवायचं.

मग चारी बाजूंनी ओळंबा सोडायचा. खांबाच्या वरच्या टोकाला आणि पायाशी गिलाव्याचं तीन-चार बोटं रुंद कडं करायचं, ते फर्म्याने गोल करून घ्यायचं आणि आवळू द्यायचं. दोन कड्यांमधली जागा भरायची आणि उभी पट्टी दोन्ही कड्यांवर टेकवून खांबाभोवती फिरवत न्यायची. जास्तीचा माल गळून पडतो, खड्डा राहिला तर लगेच दिसतो. एका खांबाचा एक थर एकाच दिवशी, दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून पुरा करायचा. अर्धा आज, अर्धा उद्या केला की सांध्याची रेघ कायमची राहते. दोन थर द्यायचे, पहिला खरखरीत ठेवायचा, आणि कुठलाही थर अर्ध्या इंचाहून जाड नको.

भिंतीचंही तसंच, पण तिथे हिशेब जास्त कडक. भिंतीची त्रिज्या पाच फूट आहे असं धर. उभ्या खुणेच्या पट्ट्या दोन-दोन फुटांवर ठेवल्या आणि कुणी मधून सरळ पट्टी आडवी ओढली, तर मधोमध सव्वा इंचाची चूक पडते. फुटाफुटावर ठेवल्या तर पाव इंचाच्या आसपास. अंतर निम्मं केलं की चूक चौथाईवर येते. तुमच्या भिंतीवरचा तो फुगवटा असाच कुणाच्या तरी आळसातून आलेला असणार, असा माझा संशय आहे.

माल कसा असावा? चुना निदान काही आठवडे पाण्यात विझून मुरलेला हवा, बोटावर घेतला तर श्रीखंडासारखा. कच्चा खडा राहिला तर वर्षभराने गिलाव्यावर फोड फुटतात, म्हणून गाळून घ्यायचा. चुना विझवताना तो उकळतो, पोरांना तिकडे फिरकू देऊ नकोस. तुमच्याकडचे मेस्त्री त्यात कडुक्काय, म्हणजे आपला हिरडा, आणि गूळ भिजवलेलं पाणी घालतात. ही काही अंधश्रद्धा नाही. आयझॅक पाइक नावाच्या सेंट हेलेनाच्या गव्हर्नराने 1732 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मद्रासच्या चुन्याची कृती छापली, त्यातही गूळ आणि हिरडा आहेच. प्रमाण मात्र मेस्त्रीवर सोड, गूळ जास्त झाला तर माल वाळता वाळत नाही. मद्रासी चुन्याच्या आरशासारख्या चकाकीसाठी शेवटच्या थरात अंड्याचा पांढरा बलक घालत आणि गुळगुळीत गोट्याने घोटत. सासूबाई अंडं उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. नको तर नको. नुसत्या बारीक चुन्याचा पातळ हात देऊन धीराने घोटलं तरी ओसरीला पुरेल एवढी झळाळी येते.

खांबांच्या माथ्यावरची जुनी नक्षी मात्र कुणालाही फोडू देऊ नकोस. गोपुरांवरच्या चुन्याच्या मूर्ती कुंभाभिषेकाच्या वेळी दुरुस्त करणारे कारागीर तुमच्याच भागात आहेत. देवळात विचार. 2028 च्या महामहम उत्सवाच्या तयारीत ते गुंतले की तुझ्या चार खांबांकडे कोण बघणार?

वेळ पोंगलनंतरची धर. ऑक्टोबर ते डिसेंबर तुमच्याकडे पावसाचे, आणि चित्रै महिन्याच्या उन्हात चुना भराभर वाळून तडकतो. वरून ओली गोणपाटं गुंडाळून ठेव, सकाळ-संध्याकाळ पाणी मार. चुना हवेतला कर्बवायू ओढून हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. नंतर रंगही चुन्याचाच. प्लास्टिक पेंट लावलास तर इतका वेळ सिमेंट नको म्हणून भांडलीस ते फुकट.

तपासायचं रात्री. दिवा खांबाला अगदी चिकटवून धरायचा, दिवसा न दिसणारे सगळे खड्डे सावल्या टाकतात. बोटाच्या पेराने टकटक करत खाली ये, कुठे पोकळ वाजलं तर तेवढं काढायला लाव, चुना ओला आहे तोवरच.

शेवटची गोष्ट पैशांची, आणि ही घरात सगळ्यांसमोर बोलू नकोस, सासऱ्यांना एकटं गाठून सांग. गोल काम चौरस फुटाच्या दराने देऊ नका. त्या दरात गवंडी पळतोच, त्याचाही संसार आहे. रोजावर द्या, नाहीतर खांबामागे ठरवा, आणि पहिला खांब दिव्याच्या उजेडात तुझ्या मनास येईपर्यंत दुसऱ्याला हात लावू देऊ नका.