स्लेड घेतलीस, आता नकाशा घे

उत्तर विस्कॉन्सिन,
डिसेंबरचा पहिला आठवडा

चि. छोटूस,


तुझ्या नव्या स्नोमोबिलचे, तुमच्या भाषेत स्लेडचे, फोटो मिळाले. नवी म्हणजे तुला नवी. आधीच्या मालकाने हुडवर ज्वाळांची चित्रं चिकटवलीत त्यावरूनच तिचं वय कळतं. ताशी किती मैल पळते ते तू दोनदा लिहिलंस. बेल्ट शेवटचा कधी बदलला, ट्रॅकखालचे हायफॅक्स किती झिजलेत, सुटा बेल्ट मिळाला का, यातलं एकही लिहिलं नाहीस. फोनवर मी काही सांगायला लागले की तू "हो आत्या, हो आत्या" करत दुसरंच काहीतरी पाहत असतोस. म्हणून हे पत्र. कागद पुन्हा काढून वाचता येतो.

तू जिथे शिकायला गेलायस तिथे बर्फाची ददात नाही. मिशिगनमधल्या कीविनॉचा तो चिंचोळा तुकडा तिन्ही बाजूंनी सुपिरियर तलावात घुसलेला आहे. उत्तरेचा कोरडा, गारठलेला वारा त्या मानाने उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो आणि जमिनीवर चढताच सगळं खाली टाकतो. कॅल्युमेटच्या पुढे ४१ नंबरच्या हायवेला बर्फाची उंची दाखवणारा एक उंच फलक उभा आहे. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच बर्फ पडला होता, म्हणजे बत्तीस फुटांहून जास्त. जाशील तेव्हा त्याच्याखाली उभा राहून फोटो काढशीलच. पण एवढा बर्फ पडतो तिथे खुणा रात्रीतून पुरल्या जातात, हेही तिथे उभं असताना लक्षात घे. काल पाहिलेलं वळण आज ओळखू येत नाही. म्हणून आधी नकाशाबद्दल लिहिते, यंत्राबद्दल नंतर.

मिशिगनमध्ये सहा हजार मैलांहून जास्त ठरवून दिलेले ट्रेल आहेत. त्यांवर जायला नोंदणी वेगळी आणि ट्रेल परमिट वेगळं, ते दरवर्षी नवं घ्यावं लागतं. ते विकत घेताना कुरकुर करू नकोस. रात्री ट्रेल सपाट करणारा ग्रूमर फिरतो तो त्याच पैशावर. नकाशा या वर्षीचा घे. मागच्या वर्षीचा कुणी फुकट दिला तरी नको. ट्रेलची रेष दरवर्षी थोडी हलते. कुठे जंगलतोड चालू असते, कुठे पूल दुरुस्तीला काढलेला असतो, कुठे जमिनीचा मालक बदलतो आणि नवा मालक "नको" म्हणतो. जुन्या नकाशावरची रेष तुला सरळ कुणाच्या तरी अंगणात नेऊन सोडेल.

नकाशा हातात आला की लोक आधी शेवटचं गाव बघतात. तू आधी पेट्रोल पंप बघ. मग ट्रेलच्या चौकांचे नंबर, मग ट्रेल जिथे डांबरी रस्ता ओलांडतो त्या जागा, आणि मग पाणी. तुझ्या जुन्या टू-स्ट्रोकला ताज्या भुसभुशीत बर्फात कडक ट्रेलपेक्षा बरंच जास्त पेट्रोल लागेल, त्यामुळे कागदावरच्या मैलांवर हिशेब करू नकोस. टाकी अर्धी व्हायच्या आत पुढचा पंप कुठला आणि तो रविवारी संध्याकाळी उघडा असतो का, हे माहीत हवं. वाटेवरच्या लहान गावांत पंप लवकर बंद होतात.

फोनमधलं ॲप वापर, माझी हरकत नाही, मीही वापरते. पण थंडीत बॅटरी कशी गळते ते तू पहिल्याच महिन्यात पाहिलं असशील. फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. कागदी नकाशा प्लॅस्टिकच्या पिशवीत, जॅकेटच्या आत, आणि त्यावर पेनने तुझा त्या दिवसाचा रस्ता काढलेला. त्याचाच एक फोटो रूम पार्टनरला पाठवून ठेव आणि किती वाजेपर्यंत परत येणार ते सांग. चुकलास तर शोधणाऱ्याला चौकाचा नंबर सांगता आला पाहिजे. "एका मोठ्या पाइनच्या झाडापाशी" असं सांगून तिथे कुणी सापडत नाही.

तुमच्याकडचे कितीतरी ट्रेल जुन्या रेल्वेच्या भरावांवरून जातात. तांब्याच्या खाणी बंद पडल्या, रूळ उखडले गेले, भराव राहिला. तुमच्या होटनहून दक्षिणेला मास सिटीकडे जाणारा बिल निकोल्स ट्रेल त्यातलाच, कॉपर रेंज रेल्वेचा. वाटेत फायरस्टील नदीवर उंच पूल लागतात, तिथे थांबून खाली बघच. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही, म्हणून असा रस्ता सपाट आणि लांबच लांब सरळ असतो, आणि तिथेच तुझ्या वयाच्या मुलांचा अंगठा थ्रॉटलवर दाबला जातो. पण त्या सरळ रस्त्याला मध्येच कुणाच्या घराची वाट आडवी येते, हरणं येतात, लाकडाचे ट्रक येतात. रात्री तुझा दिवा जेवढं दाखवतो तेवढ्या अंतरात तुला थांबता आलं पाहिजे. त्याहून जास्त वेगात तू आंधळा पळतोयस. होटनचा तो उचलता येणारा पूल १९५९ साली बांधला तेव्हा वरून मोटारी आणि खालच्या मजल्यावरून आगगाड्या जायच्या. आता आगगाड्या नाहीत, आणि हिवाळ्यात खालच्या मजल्यावरून स्लेड जातात. तिथे मात्र अगदी हळू जा. पुलाच्या लोखंडावर बर्फ पातळ असतो आणि स्कीला वळायला काही पकड मिळत नाही.

आता एक गोष्ट जी तुला तिथे कॉलेजात कुणी सांगणार नाही. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ट्रेलचा बराचसा भाग खाजगी जमिनीतून जातो. शेतकरी क्लबला हिवाळ्यापुरती परवानगी देतो, आणि ती तो कधीही मागे घेऊ शकतो. मी क्लबात खुणा ठोकण्याच्या कामाला असते. शरद ऋतूत फांद्या छाटायच्या, हरणांच्या शिकारीचा हंगाम संपला की केशरी चौकटीच्या खुणा लावायच्या, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याची तक्रार ऐकायची. एका वर्षी काही पोरांनी ट्रेल सोडून शेतात गोल गोल चकरा मारल्या. खाली गव्हाचं हिवाळी पीक होतं. बर्फ दाबून घट्ट झाला आणि खालचं पीक गेलं. मालकाने दुसऱ्या दिवशी वाटेवर तार ओढली, आणि आम्हाला तो ट्रेल हायवेच्या कडेने मोठा वळसा देऊन न्यावा लागला. ती पोरं कोण होती ते आजतागायत कळलेलं नाही. त्यांना स्वतःलाही आपण काय केलं ते ठाऊक नसेल. तुमच्याकडे सरकारी आणि लाकूड कंपन्यांच्या जमिनी जास्त आहेत, तरी रीत तीच. खुणांच्या आत राहायचं. घराजवळून जाताना अंगठा सैल करायचा.

म्हणूनच तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, ज्याची लिंक तू मला पाठवलीस, तो घेऊ नकोस. जमीनमालक ज्या गोष्टींनी वैतागतात त्यांत आवाज फार वरचा. गंमत म्हणजे तुझ्याच विद्यापीठाच्या कीविनॉ रिसर्च सेंटरमध्ये अनेक वर्षं 'क्लीन स्नोमोबिल चॅलेंज' भरत आलंय, तिथे विद्यार्थी स्लेडचा धूर आणि आवाज कमी करायला धडपडतात. यांत्रिकीचा विद्यार्थी आहेस तर त्या संघात शिरता येतंय का बघ.

ग्रूमरबद्दल. ट्रॅक्टरच्या मागे जड लोखंडी ड्रॅग, तो उंचवटे कापतो, खड्डे भरतो आणि वरून दाबत जातो. हे काम बहुतेक रात्री होतं, कारण गारठ्यात बर्फ नीट बसतो आणि रहदारीही कमी असते. त्याला घट्ट व्हायला काही तास लागतात. ग्रूमर नुकताच गेला, ट्रेल गुळगुळीत दिसतोय म्हणून त्याच्यामागून लगेच सुसाट निघालास तर त्या माणसाची रात्र फुकट घालवलीस. समोरून आला तर उजवीकडे पार कडेला थांब, आणि त्याला जाऊ दे. तो ट्रेलची जवळजवळ सगळी रुंदी व्यापतो आणि हळू चालतो, त्यामुळे वळणापलीकडे तो उभाच असेल असं धरून चाल.

आता यंत्र. आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या सेनर गावात कार्ल एलियासन नावाचा दुकानदार होता. पायाने अधू, मित्रांबरोबर शिकारीला बर्फातून चालणं जमेना, म्हणून त्याने १९२४ मध्ये घसरगाडीला बोटीचं इंजिन बसवलं. तेव्हापासून आजपर्यंत यातली मूळ अडचण तीच आहे: यंत्र बंद पडलं की तुला चालत परत यावं लागतं, कमरेइतक्या बर्फातून. म्हणून यंत्राची निगा ही हौस समजू नकोस.

तुझ्या स्लेडला गिअर नाहीत. इंजिनावर एक क्लच म्हणजे पुली, बाजूला दुसरी, मध्ये रबरी बेल्ट. वेगाप्रमाणे दोन्ही पुलींची तोंडं उघडतात-मिटतात आणि बेल्ट वर-खाली सरकतो. सगळी ताकद त्या एका पट्ट्यातून जाते. सकाळी इंजिन गार असताना सुरू करून लगेच दामटलंस तर बेल्ट कडक असतो, तापतो आणि फाटतो. दोन-चार मिनिटं गरम होऊ दे, मग पहिला मैल सावकाश. नवा बेल्ट साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून बसवायचा, बाण ज्या दिशेला आहे त्याच दिशेने. सुटा बेल्ट कायम स्लेडवर हवा. आणि तो बदलायची सवय आता गॅरेजमध्ये करून घे, हातमोजे घालून, अंधारात टॉर्चवर. ट्रेलवर उणे वीसमध्ये मॅन्युअल उघडून वाचता येत नाही. क्लचवरचं झाकण उघडं ठेवून इंजिन कधी चालवू नकोस; बेल्ट तुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

दुसरी गोष्ट थंड ठेवण्याची. तुला वाटेल, बर्फात यंत्र तापणार कसं? तुझी स्लेड लिक्विड-कूल्ड आहे, तिचे कूलर ट्रॅकच्या वरच्या बोगद्यासारख्या पोकळीत बसवलेले आहेत आणि ट्रॅक जो बर्फ उडवतो त्याने ते गार होतात. ट्रॅकखालचे प्लॅस्टिकचे हायफॅक्सही त्याच बर्फाने ओले राहतात, नाहीतर वितळतात. मार्चमध्ये सकाळी ट्रेल काचेसारखा कडक होतो, बर्फ उडतच नाही, आणि तापमानाचा दिवा लागतो. दिवा लागला की कडेच्या भुसभुशीत बर्फात थोडं अंतर जा. त्यापेक्षा चांगलं, स्क्रॅचर बसवून घे. ते कडक ट्रेल खरवडून भुकटी उडवतात. जुन्या पद्धतीचे असले तर रिव्हर्स घेण्याआधी वर उचल, नाहीतर वाकतात.

फिरून आलास की शेवटच्या काही फुटांत ट्रॅक जरा जोरात फिरवून आतला चिखलबर्फ झटकून टाक आणि स्लेड लाकडाच्या फळ्यांवर उभी कर. नाहीतर सकाळी ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असतो आणि तू थ्रॉटल दाबून बेल्ट जाळतोस. चिकटलाच तर मागचा बंपर धरून उचल-आपट कर. ओल्या स्लेडवर कव्हर टाकू नकोस. गॅरेजचं दार बंद करून इंजिन चालू करू नकोस, एक मिनिटसुद्धा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टू-स्ट्रोकचं तेल एक बाटली नेहमी जवळ. ट्रॅकचा ताण, स्कीखालचे कार्बाइड, ग्रीसच्या जागा, चेनकेसचं तेल: हे सगळं मॅन्युअलमध्ये आहे, वाच. उन्हाळ्यात काय करायचं ते एप्रिलमध्ये सांगेन. तोवर एवढंच, की उंदरांना एक्झॉस्टमध्ये घर करायला फार आवडतं.

पाण्याबद्दल मी कडक आहे. स्वच्छ, निळसर बर्फ निदान पाच इंच असेल तरच स्लेड, पांढरट असेल तर त्याच्या दुप्पट. पण जाडी एका जागी मोजली म्हणून दुसऱ्या जागी तेवढीच असते असं नाही. पोर्टेज कालव्याला प्रवाह आहे, पुलाखाली आणि ओढे मिळतात तिथे बर्फ पातळ राहतो. सुपिरियरवर तर जाऊच नकोस. वारा फिरला की आख्खा तुकडा किनाऱ्यापासून सुटतो. गळ्यात बर्फाचे टोचे अडकवलेले असू देत, पाण्यात पडलास तर त्यांच्याच आधाराने वर येता येतं.

वाटेतल्या बारबाहेर स्लेडची रांग लागलेली दिसेल. आत जा, पास्टी खा. कॉर्निश खाणकामगारांनी आणलेली, आपल्या करंजीच्या आकाराची पण तळहाताएवढी, आत मांस आणि बटाटा. बिअर मुक्कामी पोचल्यावर. दारू पिऊन स्लेड चालवणं हा तिथे मोटारीइतकाच गुन्हा आहे, आणि झाडाला कायदा कळत नाही. एकटा जाऊ नकोस. ओळीत जाताना समोरून येणाऱ्यांना बोटांनी मागे किती स्लेड उरल्यात ते दाखवतात; मूठ म्हणजे मागे कुणी नाही. वळणावर मात्र दोन्ही हात हँडलवर. तू पडलास तर इंजिन बंद करणारी दोरी रोज जॅकेटला अडकव.

पहिली फेरी लांबच्या कॉपर हार्बरची नको, कितीही मोह झाला तरी. जवळची घे, दिवसाउजेडी, माहितगाराच्या मागे. ब्रॉकवे माउंटनचा रस्ता हिवाळ्यात साफ करत नाहीत, तिथे स्लेडच जातात. वरून तलाव दिसतो म्हणे फार छान. ते फेब्रुवारीत, तुमच्या विंटर कार्निव्हलच्या वेळी मी येईन तेव्हा दोघं जाऊ. माझ्याकडे एक जादा बेल्ट आहे, पण तो तुझ्या मॉडेलला बसेल का ते बघायला हवं. इंजिनाजवळच्या पाटीचा फोटो पाठव, ज्वाळांचा नको.

तुझ्या आईला अजून यातलं काही कळवलेलं नाही. वहिनीला सांगायचं काम माझ्यावर टाकू नकोस. तू सांग, आणि सांगताना हेल्मेट घातलेला फोटो पाठव.

तुझी,
आत्या