कण्याचें दुखणें आणि धीराचा धडा

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाच्या तयारींत एक बांक उचलीत असतां आमच्या कंबरेंत उसण भरली. ज्या विद्यार्थ्यांस आम्ही रोज ताठ बसावयास सांगतों, त्यांनींच आम्हांस दोहों बाजूंनीं धरून खुर्चीवर बसविलें. त्यानंतरच्या दोन महिन्यांत आम्ही जें शिकलों, तें येथें पाठाच्या रूपानें मांडीत आहों. हें दुखणें कांहीं आमच्या एकट्याचें नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें सन २०२० मध्यें जगांत सुमारें ६२ कोटि माणसें कंबरदुखीनें पीडलेलीं होतीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आई, वडील किंवा आजोबा त्यांपैकीं एक असतील.

पहिले आठ दिवस आम्ही अंथरुणास खिळून राहिलों. शेजारीपाजारी येत, कोणी तेल सांगे, कोणी शेक, तर कोणी फळीवर निजणें. दुखणें हटेना, उलट पाठ लांकडासारखी ताठरली. अखेर डॉक्टरांनीं नीट तपासलें. पायांस मुंग्या येतात काय, ताप आहे काय, लघवीवर ताबा आहे काय, असे प्रश्न त्यांनीं विचारले, आणि म्हणाले, “भिण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. पण निजून राहूं नका, चालावयास लागा.” पुढें त्यांच्याच संमतीनें आम्ही परदेशांत शिकून आलेल्या एका कायरोप्रॅक्टिक उपचारकाकडे गेलों.

ही विद्या मूळची अमेरिकेंतील. आयोवा संस्थानांतील डॅव्हनपोर्ट शहरीं डॅनिएल डेव्हिड पामर यांनीं १८९५ सालीं हार्वे लिलार्ड नांवाच्या, कमी ऐकूं येणाऱ्या एका कामगाराच्या मणक्यावर हातानें दाब दिला, आणि त्याचें ऐकणें सुधारलें असें जाहीर केलें. हात आणि कृति या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून विद्येचें नांव पडलें. बहुतेक सर्व रोगांचें मूळ मणक्यांच्या सरकण्यांत आहे, असें पामर मानीत. हें मत शास्त्राच्या कसोटीस उतरलेलें नाहीं. बहिरेपणा किंवा दमा यांवर हा उपाय आहे असें कोणी सांगेल तर तें मानूं नये. परंतु कंबरदुखीची गोष्ट निराळी. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीसंबंधीं जें मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्यांत व्यायाम व रोग्यास समजावून सांगणें यांच्या जोडीस मणक्यांवरील हस्तोपचारासही स्थान आहे.

आतां थोडें शरीरशास्त्र. लहानपणीं कण्यांत ३३ मणके असतात. मानेचे ७, छातीच्या मागचे १२ व कंबरेचे ५ मिळून २४ मणके जन्मभर सुटे राहतात. खालचे ९ पुढें जुळून त्यांचीं दोन हाडें होतात. सुट्या मणक्यांच्या मधें कूर्चेच्या गाद्या असतात, पाठीमागें लहान सांधे असतात, आणि सर्वांस बांधून ठेवणारे स्नायु व बंध असतात. उसण भरली म्हणजे बहुधा हे स्नायु आखडतात व सांधे मोकळेपणानें हलत नाहींत. उपचारक त्या सांध्यास हातानें नेमका व झटकन् दाब देतो. त्या वेळीं ‘कट्’ असा आवाज होतो. हाड जागेवर बसलें असें आम्हांस वाटलें होतें. पण तसें नसतें. सांध्यांतील द्रवावरचा ताण एकाएकीं बदलल्यानें त्यांत वायूची पोकळी होते, त्याचा तो आवाज. तो आला नाहीं म्हणून उपचार फुकट गेला असें नाहीं.

पहिल्या भेटींत निम्मा वेळ विचारपूस व तपासणी यांतच गेला. प्रत्येकाची क्ष-किरणांनीं तसबीर काढलीच पाहिजे असें नाहीं. गंभीर शंका असेल तरच तिचें काम. घरीं परततांना पाठ हलकी वाटली. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठतों तों अंग असें ठणकूं लागलें कीं, आम्ही फसलों असेंच वाटलें. पुढें कळलें कीं, अशा उपचारानंतर सुमारें निम्म्या रोग्यांस ठणका, थकवा किंवा किंचित् डोकेदुखी होते, आणि बहुतेकांची ती एका दिवसांत ओसरते. बरेच दिवस न केलेली कवाईत केल्यावर अंग दुखतें, तसाच हा प्रकार.

पुढच्या आठवड्यांत आम्ही रोज अंगणांत फेऱ्या घालूं लागलों. प्रथम पांच मिनिटें, मग दहा. जोडीला साधे व्यायाम होते. नवव्या दिवशीं मात्र, कांहीं कारण नसतां, चमक पुन्हां तितक्याच जोरानें निघाली. त्या रात्रीं आमचा धीर सुटला. वर्गांत तासभर उभें राहणें आतां आपल्या नशिबीं नाहीं, नोकरी सोडावी लागणार, मुलांच्या शिक्षणाचें कसें होणार, या विचारांत झोंप लागली नाहीं. सकाळीं उपचारकांनीं सर्व ऐकून घेतलें व विचारलें, “गुरुजी, आपल्या वर्गांतील मुलगा गणितांत रोज एकेक गुणानें पुढें जातो काय?” आम्ही निरुत्तर झालों. बरें होण्याची वाट चढ-उताराची असते. एका दिवसाकडे न पाहतां आठवड्याकडे पाहावें, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला.

बहुतेक ताज्या कंबरदुखींत पहिल्या सहा आठवड्यांत पुष्कळ उतार पडतो. त्यांतील मोठा वांटा शरीराच्या स्वतःच्या शक्तीचा असतो. हस्तोपचार तिला मदत करितो. सुमारें महिनाभरांत कांहींच फरक न पडल्यास तोच उपचार चालूं न ठेवतां पुन्हां डॉक्टरांस दाखवावें. वर्षभराच्या भेटींचे पैसे आगाऊ मागणारापासून दूर राहावें. एकदां बरें झाल्यावरही कधीं कधीं उसण पुन्हां भरते. तीस भिऊं नये, चालणें सोडूं नये.

तथापि धीर म्हणजे दुर्लक्ष नव्हे. लघवी किंवा शौच यांवरचा ताबा जाणें, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणें, पायांची शक्ति कमी होत जाणें, यांपैकीं कांहींही झाल्यास त्याच दिवशीं इस्पितळांत जावें. विलंबानें कायमचें नुकसान होऊं शकतें. पाठदुखीबरोबर ताप असेल, कारण नसतां वजन घटत असेल, पडल्यानंतर दुखूं लागलें असेल, पूर्वीं कर्करोग झालेला असेल किंवा वार्धक्यानें हाडें ठिसूळ झालीं असतील, तर हस्तोपचारापूर्वीं डॉक्टरांची परवानगी अवश्य घ्यावी. मानेची गोष्ट अधिकच नाजूक. मानेस झटका दिल्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्याचीं उदाहरणें क्वचित् घडलीं आहेत. उपचारानंतर भोंवळ, बोलतांना अडखळणें, एकाएकीं तीव्र डोकेदुखी अथवा तोंड वांकडें होणें दिसलें तर क्षणभरही थांबूं नये. केस कापतांना हौसेनें मान मोडून घेण्याची आपल्याकडील संवय यासाठींच सोडणें बरें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं कोणाची कंबर धरली तर तुम्हांस पुष्कळ करितां येईल. बादली तुम्ही उचला. जड वस्तु उचलतांना गुडघे वांकवून ती अंगाजवळ धरावी, हें घरांतील सर्वांस सांगा. “निजून राहा” असें न म्हणतां “चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊं” असें म्हणा, आणि त्यांच्या पावलानें चाला. आमच्या धाकट्या मुलानें हेंच केलें. रोज सायंकाळीं तो आमच्याबरोबर येई, आणि काल कोणत्या झाडापर्यंत गेलों होतों तें बरोबर लक्षांत ठेवी. मधें कांहीं दिवस झाड मागें सरलें, पण सातव्या आठवड्यांत आम्ही शाळेच्या फाटकाशीं पोंचलों. दुसऱ्या दिवशीं आम्ही वर्गावर रुजू झालों. पहिला तास उभ्यानें घेतला, दुसऱ्यास मात्र खुर्ची मागून घेतली. आणि ती मागतांना आम्हांस मुळींच लाज वाटली नाहीं.