अस्थि व आशा

पाठ : १ शमुवेल ३१:११–१३.

पुष्कळ मंडळ्यांत हा प्रश्न निघतो : बाप हिंदु धर्मांत वारला, मुलगा ख्रिस्ती झालेला, भाऊ अस्थि घेऊन नाशकास रामकुंडावर निघाले, तर त्यानें काय करावें?

प्रथम शास्त्र पाहूं. शौलानें पूर्वीं याबेश-गिलाद नगर शत्रूच्या हातून सोडविलें होतें. तो रणांत पडल्यावर तेथील शूर पुरुषांनीं रात्रभर चालून त्याचे व त्याच्या पुत्रांचे देह आणिले, जाळिले, अस्थि झाडाखालीं पुरल्या व सात दिवस उपास केला. दाविदानें त्यांस दोष न देतां आशीर्वाद दिला (२ शमुवेल २:५).

आपल्यांतही उदाहरण आहे. कवि नारायण वामन टिळक १९१९ सालीं मुंबईस निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणें दहन झालें व अस्थि नगरास नेऊन पुरण्यांत आल्या.

तेव्हां देहाची माती होवो कीं राख होवो, पुनरुत्थानास अडथळा नाहीं. नदींत अस्थि टाकल्यानें पापही धुतलें जात नाहीं. क्षमा ख्रिस्तांतच आहे.

म्हणून त्या मुलानें घरीं बसूं नये. भावांबरोबर जावें, अस्थींचें गांठोडें वाहावें, प्रवासखर्चाचा वांटा द्यावा. पिंडदानाच्या वेळीं मात्र नम्रपणें बाजूस उभें राहावें. धर्म बदलला तरी यानें बापाला टाकिलें नाहीं, हें भावांस दिसूं द्यावें. उपदेशकांनीं अशा घरीं दोष नव्हे, सांत्वन घेऊन जावें.

मननार्थ प्रश्न : याबेशकरांवर शौलाचें ऋण कोणतें होतें? आपणांवर आईबापांचें कोणतें आहे?